पाव आणला, पण दशरथसारखा नाही

नाही, माणसांचं मी समजू शकतो हो, माणसं बोलतातच, पण कुत्र्यानं? तुम्हाला सांगतो, बंगल्यावरचा तो ब्रूनो, मेलेला उंदीर सोडत नाही, चपला खातो, माळ्याची विडी खातो, त्याच्यासमोर मी माझ्या हातानं पावाचा तुकडा टाकला, तर त्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं... कसं बघितलं? आमचे मास्तर चौथीत माझ्याकडे बघायचे ना, तसं... आणि उठून लांब जाऊन बसला! आणि तो अंबादास माळी, हातात पाण्याची नळी, दात काढून म्हणतो, "त्याला बी कळतंय नंदू. पाव हाय, पण दशरथसारखा नाही."

झालं! दशरथसारखा नाही. हे एक वाक्य माझ्या मागे लागलंय. चहा केला, दशरथसारखा नाही. डाळीला फोडणी दिली, दशरथसारखी नाही. अरे, मी दशरथ नाहीच तर दशरथसारखं होणार कुठून?

दशरथ म्हणजे माझा मोठा भाऊ. होता. या 'होता'ची अजून सवय नाही, जीभ अडखळते, तेव्हा जरा सांभाळून घ्या. हे माझं डोकं बघताय ना, नुसते खुंट उगवलेत. दादाला मुलगा नाही, एवढीशी मुलगी, म्हणून सगळं मी केलं. धडधाकट माणूस हो! मुलुंडच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता खाली बसला तो उठलाच नाही. जुडी हातात तशीच. आता तुम्हीच सांगा, न सांगता न सवरता असं कुणाचं हृदय बंद पडतं? आमच्या चाळीतला टी.व्ही.सुद्धा बंद पडायच्या आधी आठवडाभर खरखर करतो!

तर दादा मुलुंडला एका कंपनीच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. बंगल्यात जर्मन जोडपं. साहेब आला मशिनं बसवायला, बरोबर हेल्गा मॅडम. आणि मॅडमचं दुखणं एकच, गव्हाचा पाव. म्हणजे तिच्या देशातला हां, काळपट, जड, वरून इतका कडक की बोटानं वाजवला तर कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटावं, आणि आत ओलसर, जरासा आंबूस. आपल्याकडे काय मिळतो? कापूस! आणि ब्राऊन ब्रेड म्हणून जो देतात तोही कापूसच, साखर जाळून रंगवलेला. मग मॅडम स्वतः का भाजत नाही? अहो, तुम्ही कधी घरी पाव भाजलाय? कोपऱ्यावर मिळतो! तिच्याही कोपऱ्यावर मिळायचा. सगळी मुंबई पालथी घातली तिनं आणि शेवटी एक दिवस स्वयंपाकघरात बसून रडली. पावासाठी! दादानं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. दादा नाही हसला. म्हणाला, "नंद्या, परक्या मुलखात माणूस पावासाठीच रडतो रे. आईबापासाठी रडायची लाज वाटते."

आणि थोड्याच दिवसांत दादा तिला तस्सा पाव नेऊन द्यायला लागला. एक दिवसाआड. कुठून आणायचा? मी विचारलं? छे! मी नऊला उठणारा माणूस, दादा निघायचा उजाडायच्या आत. मला काय करायचंय?

मग दादा गेला. साहेब चांगला, म्हणाला, धाकट्याला घ्या, महिनाभर बघू. आता घरात वहिनी, पोरगी आणि मी. बाबा मिलच्या संपानंतर जे गावी गेले ते तिकडेच. ही नोकरी गेली तर आमची चूल पेटणार कशावर? आणि पहिल्याच दिवशी मॅडमनं मला समोर उभं केलं. सावकाश, एकेक शब्द शोधत, "नंदू. ब्रेड. दशरथ का वाईफ..." मी लगेच, "हां मॅडम, बहुत रोती है बेचारी." "नो, नो. दशरथ का घर में..." "हां मॅडम, घर में सब लोग रोता है!" मग तिचेच डोळे भरून आले. मी छातीवर हात मारून सांगितलं, "ब्रेड का फिकर नहीं करने का. अपने को सब मालूम है!" काय मालूम होतं? ठेंगा!

घरी आलो तर वहिनी कोपऱ्यातून विचारते, "भावजी, पावाचं काही म्हणाली का मॅडम?" मी म्हटलं, "वहिनी, तू त्यात पडू नको गं. मी आहे ना! मी बघतो."

मी बघतो! घरातला कर्ता पुरुष ना मी! कर्तेपणाची तर मी सुरुवातच झकास केली होती. सूतक फिटलं त्या दिवशीची गोष्ट. कुडाळहून जानकी आत्या आलेली, तिनं फर्मान सोडलं, "झिला, घरात काय शिळा-आंबलेला आसात ता सगळा भायर टाक." मी फळीवरचे डबे काढायला लागलो, तर मागे एक चिनी मातीची बरणी. तोंडाला फडकं बांधलेलं. सोडलं तर आत काहीतरी पांढरट, बुडबुडे येताहेत, आणि वास... ताडीचा! मी गारच पडलो. दादा? आमचा दादा? ज्याच्या निर्व्यसनीपणाच्या नावानं मला उभ्या जन्मात शिव्या बसल्या तो? आणि बाहेर सगळे नातेवाईक बसलेले. कुणाला वास गेला तर? मी शर्टाखाली बरणी घेतली, मोरीत रिकामी केली, राखेनं घासली, माळ्यावर पालथी घातली. आणि फोटोसमोर उभं राहून मनात म्हटलं, दादा, काळजी करू नको, तुझी अब्रू मी राखली.

बरं, ते राहू दे, पाव! पावाच्या शोधात निघालो. घाटकोपरच्या इराण्याला विचारलं, गव्हाचा पाव आहे का? तो म्हणतो, "अरे बावा, समदा पाव गहूचाच असते! मैदा काय झाडावर लागते?" मग माझ्या डोक्याकडे बघून, "तिरुपती जाऊन आला काय?" म्हटलं, नाही, भाऊ गेला. तसा म्हाताऱ्यानं चहा पाजला, कडक ब्रुन पाव बांधून दिला, पैसे घेईना. तो घेऊन बंगल्यावर गेलो. मॅडमनं वाजवून बघितला, चेहरा खुलला. कापला, आत पांढरा. चेहरा मिटला. "अच्छा है, नंदू. लेकिन..." आणि खिडकीबाहेरून अंबादास, "दशरथसारखा नाही!"

मग कुणीतरी सांगितलं, खारदांड्याला एक जण गोव्याचा कोंड्याचा पाव भाजतो, पोई म्हणतात. गेलो. एका कोळणीला पत्ता विचारला. ती म्हणते, "पाव नाय रं, बोंबील हाय. सुके देऊ?" नको म्हणायचा धीर झाला नाही, बाईचा आवाजच तसा. बोंबील घेतले. पोईवाला सापडला, पोई घेतल्या, एकाच पिशवीत टाकल्या. आता मला सांगा, पाव आणि सुके बोंबील एका पिशवीतून मुलुंडपर्यंत नेल्यावर काय होणार? मॅडमनं लांबूनच विचारलं, "नंदू... फिश ब्रेड?"

तिथं थांबायला हवं होतं ना? पण मी कसला थांबतो! एक दोस्त बोलला, अरे यार, ट्रॉम्बेला जा, तिथं फॉरेन रिटर्न शास्त्रज्ञ राहतात, ते खात असणारच असला पाव. पटलं मला! गेलो ना थेट अणुभट्टीच्या गेटवर! शिपाई म्हणाला, "कुणाला भेटायचंय?" म्हटलं, "कुणाला नाही. पाव पाहिजे." त्यानं माझं डोकं बघितलं, पिशवी बघितली, दुसऱ्याला हाक मारली. पिशवीत उरलेली पोई. "हा काय मग पाव?" "हा नको साहेब, गव्हाचा पाहिजे." पहिला दुसऱ्याच्या कानात, "हेर असेल काय रे?" दुसरा मोठ्यानं, "हॅ! एवढा बावळट हेर कोण पाठवील?" आणि सोडलं मला. सुटलो म्हणून आनंद मानू की रडू?

शेवटी भांडुपच्या एका भट्टीवर चक्कीचं पीठ घेऊन गेलो, म्हटलं, याचा भाजून दे. भट्टीवाला भय्या म्हणाला, "नहीं फूलेगा, भाई." म्हटलं, तू भाज. भाजला. नाही फुलला. वरवंटा झाला वरवंटा! तोच ब्रूनोला टाकला, पुढचं सांगितलंच तुम्हाला. त्या दिवशी मात्र मॅडम 'अच्छा है'सुद्धा म्हणाली नाही. नुसती माझ्या डोक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नंदू, संडे को मैं तुम्हारे घर आती."

वाट लागली! म्हटलं, नोकरी गेली, घरी येऊन सांगणार.

रविवारी नाहूरला चाळीसमोर ही लांब गाडी. अख्खी चाळ गॅलरीत. मॅडम आत आली, हातात पांढरी फुलं, दादाच्या फोटोसमोर ठेवली, आणि खाली, जमिनीवर, वहिनीसमोर मांडी घालून बसली. तिचा हात धरला आणि म्हणाली, "दशरथ बोलता था, मेरा बीवी और मैं, साथ में ब्रेड बनाता. थँक यू."

मी दारात उभा. माझ्या कानात पाणी गेल्यासारखं झालं.

वहिनी माझ्याकडे बघते, "म्हणजे काय, भावजी? तुम्ही नेत नाही पाव?"

"कुठून नेऊ?"

"अहो कुठून काय, इथंच तर करत होतो आम्ही! पहाटे मळायचो, शेजारी सोनूबाईंच्या गोल ओव्हनमध्ये भाजायचो. तुमच्या उशाशी तर मळायचो! मला वाटलं, तुम्ही आता बंगल्यावर करताय. मी बघतो म्हणालात. फळीवर बरणी दिसेना, म्हटलं नेली तिकडे."

मी म्हटलं, "कसली... बरणी?"

"आंबवणाची हो! हे रोज पहाटे उठून तिला मूठभर पीठ भरवायचे. एक दिवस चुकले नाहीत. तापात असले तरी उठायचे. कुठाय ती?"

आता यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? काहीही म्हणावं, पण मी जे म्हटलं ते म्हणू नये. मी म्हटलं, "वहिनी... ती ताडी नव्हती?"

मग वहिनी हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा! तोंडाला पदर लावून हसली, हसता हसता तिचा आवाज बदलला आणि मग तो पदर काही तोंडावरून खाली येईना. मॅडम विचारतेय, "क्या हुआ? क्या हुआ?" आणि अजून आमच्याकडेच मुक्काम ठोकलेली जानकी आत्या कपाळावर हात मारून, "मेल्या, भावाच्या हातचा जिता तेवढाच रवलेला, ता पण मोरयेत ओतलंस?"

तुम्हाला सांगतो, भट्टीत पीठ जळतं ना, तसा मी उभ्याउभ्या जळलो. घाटकोपर, खारदांडा, ट्रॉम्बे, सगळ्या मुंबईला विचारलं. हातभर अंतरावर बसलेल्या बाईला विचारलं नाही. आणि अब्रू राखली म्हणे! कुणाची? देवमाणूस बेवडा ठरवला मी, तोही तेराव्याच्या आत!

मॅडमला सगळं कळलं तेव्हा ती रागावली नाही हो, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नया बनाओ." नया! मग काय, पालथी बरणी माळ्यावरून उतरवली. वहिनीनं पीठ-पाणी कालवून दिलं आणि म्हणाली, "आता तुम्ही भरवायचं." पहिल्या खेपेला बुरशी आली. पुन्हा केलं, त्यात मुंग्या. वहिनी म्हणते, वेळेवर भरवा, आपली भूक सांभाळता तशी तिची सांभाळा. मी! नऊला उठणारा! अंधारात उठतो, फडकं सोडतो, मूठभर पीठ घालतो, ढवळतो. आणि एका पहाटे आला बुडबुडा. एकच. मग दुसरा. आणि तो वास... अहो, मला तो वास ठाऊक होता! दोन वर्षं झोपेत नाकाशी येत होता. मी कूस बदलून म्हणायचो, "दादा, काय घाण करतोस रे सकाळी सकाळी." आणि तो म्हणायचा, "झोप रे, झोप."

...हां. तर पाव भाजला. सोनूबाईंच्या ओव्हनमध्ये. वाजवला, दार ठोठावल्यासारखा वाजला. बंगल्यावर नेला. ब्रूनोनं खाल्ला, शेपटी हलवून. अंबादासनं खाल्ला, "जमलं लेका!" म्हणाला. मॅडमनं लोणी लावलं, घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिली. मी वाट बघतोय, आता म्हणेल, आता म्हणेल. डोळे उघडून म्हणाली, "बहुत अच्छा, नंदू." आणि पुढे काहीच नाही! अंबादासकडे बघितलं, तो झाडांना पाणी घालायला गेलेला.

शेवटी मीच म्हटलं, "हां मॅडम. लेकिन दशरथ जैसा नहीं." कुणीतरी म्हणायला नको का हो?