ओळ कुठून सुरू होते

हॅलो?… व्हय, व्हय, जिनिंगचंच ऑफिस. धाराशिवहून वीरभद्र बोलतोय… कोण? मोठ्यानं बोल, मागं मशीन चालू आहे… महानंदा? तू कुठून फोन करतेस?… उमरग्याच्या अडतीवरनं? सगळी बरी आहेत ना?

…हां. मग ठीक. तुझी अक्का मला एकटं टाकून गेली तेव्हापासून फोन वाजला की वाईटच मनात येतं. बोल.

…उद्या? तुझा दीर बंडप्पा उद्याच्या मोटारीनं येणार? कशाला?… न्यायला. नीलम्माला न्यायला.

थांब, थांब. ऐक ना जरा… व्हय, पोरगी तुझी आहे, मी कुठं न्हाय म्हणतो?… घरात बाईमाणूस न्हाय कसं? माझी आई आहे की. तिच्याच कुशीत झोपते तुझी लेक. आईला दिसतं कमी, पण बोलणं काही कमी झालं न्हाय… हसलीस. बरं वाटलं.

…कबूल. वाचायला शिकावी म्हणूनच पाठवली होती. तुमच्याकडच्या निजामाच्या सरकारी शाळेत दोन वर्षं उर्दूत बसली, काही जमलं न्हाय, म्हणून अक्काकडं आणून सोडली. आणि अक्काच गेली…

…मठ्ठ? कोण म्हणालं?… तुझ्या सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की नीलम्मा मठ्ठ न्हाय… वाचणं न्हाय तर निदान भाकरी थापायला शिकेल, असं म्हणतात व्हय? भाकरी ती थापते. हैदराबादच्या नकाशासारखी होते, पण मी खातो.

…अगं, तेच सांगतोय. तू मध्ये बोलतेस.

अक्कानं तिला पाटीवर एकेक अक्षर शिकवलं होतं ना? ती सगळी तिला यायची. कुठलंही विचार. शब्द सुरू केले आणि अक्काला ताप भरला… हां. पुढं तिच्याकडं संध्याकाळी शिकायला येणारी पोरं मी घेऊन बसलो… व्हय, मी. दुसरं कोण बसणार? पोरं आपली येऊन ओसरीवर बसायची. जा म्हणवेना.

तर नीलम्मा वाचायला लागली की नुसता गोंधळ. काय म्हणते ते कळायचंच न्हाय. पोरं हसायची, ही रडायची. एक दिवस म्हटलं, बोट ठेव आणि वाच. तर बोट कुठं ठेवलं असेल तिनं?… न्हाय. ओळीच्या शेवटाला. तिथून उलटी निघाली डावीकडं.

…अगं, उर्दू उजवीकडून वाचतात. दोन वर्षं तेच बघितलं तिनं. मराठी दुसऱ्या बाजूनं सुरू होते हे तिला कुणी सांगितलंच न्हाय. सांगावं लागतं हे आपल्या तरी कुठं ध्यानात येतं?… अक्काला तरी कसं कळावं? पाटीवर एकच अक्षर, त्याला कुठलं डावं-उजवं? त्या पोरांतली बलभीमची पोरगी पण तसंच करत होती. तीही सरकारी शाळेतलीच.

…मग काय. रोज सकाळी पूजा झाली की नीलम्मा पुस्तक घेऊन येते. ओळ सुरू होते तिथं मी विभूतीचं बोट लावतो. विभूतीपासनं निघायचं… व्हय, पुस्तक पांढरंफटक झालंय. अक्कानं बघितलं असतं तर माझी धडगत नव्हती.

…रडू नको, महानंदा. मलाही होतं तसं. घरात शिरलं की अजून हाक मारतो मी तिला. पोरं असली की तेवढा वेळ बरा जातो… पण माझ्या सोबतीला लेक ठेव असं म्हणत न्हाय मी. तिला आत्ता कुठं जमायला लागलंय. आत्ता नेली तर तिलाही वाटेल की आपण मठ्ठच.

…पाठ केलं असेल? बरं. भाकरी घेऊन आलीय ती, इथंच आहे. फोन ठेवू नको.

नीलम्मा, इकडं ये. हात पूस… महानंदा, चटणी बांधून आणलेला कागद आहे, सोलापूरच्या पेपरचा. हा कोण पाठ करेल? तू सांग, वरनं कितवी ओळ वाचायची?… चौथी. बरं.

पोरी, चौथी ओळ. ह्या फोनात बोल, मी धरतो. विभूती न्हाय हं इथं, कुठून निघायचं ते तुझं तू बघ.

"सो… ला… सोलापु… रात…"

घाई नको.

"सोलापुरात गु… ळाची… आवक… वा… ढली."

…महानंदा?… ऐकलंस?

…व्हय. मलाही तेच वाटलं. अक्कानं ऐकायला पायजे होतं.

…मग उद्या बंडप्पाचं काय?… येऊ दे की… काय घेऊन? गोधडी? दे, दे. थंडी सुरू झालीय इकडं. आणि तिचा दुसरा परकरही दे, हा आखूड झालाय… कुठपर्यंत म्हणजे? शिमग्यापर्यंत तरी राहू दे. मग पुढचं पुढं… हां. सासूबाईंना तू सांग, मला न्हाय जमायचं…

हॅलो?… हॅलो, महानंदा?… गेली लाईन.

"भाव… मा… मात्र…"

नीलम्मा, आई न्हाय आता फोनवर… पाचवी ओळ व्हय? वाच. मी ऐकतोय.