हाव

आमचं लग्न ठरलं त्या दिवशी माझ्या होणाऱ्या बायकोला कुणीतरी विचारलं, "पोरगा पसंत हाय का?" दाराआडून बारीक आवाज आला, "हाव." तो आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या देवणी तालुक्याकडं होकाराला हावच म्हणतात.

परवा काय झालं, तोच शब्द माझी नात बोलली, तोही भर मुलाखतीत. अंजलीला तत्त्वज्ञानात पीएचडी करायचीय. नांदेडात जागा मिळालेली होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणायचा, "नांदेडच बरं, शनिवारी घरी येशील." तिचं मन मात्र लांबच्या शहरातल्या विद्यापीठात. तिथली मुलाखत मोबाईलवर होती. मी आणि मुलगा दाराशी उभे.

"एवढ्या लांब राहायची तयारी आहे?" मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं.

"हाव," ती बोलून गेली.

सर हसले. "हाव? तत्त्वज्ञानात हाव सोडायची असते, बाई!" त्यांच्यासोबतचे बाकीचेही हसले.

पोरीचे कान लाल झाले. मग ती हळू म्हणाली, "सर, तुमचा लोभ तो आमचा होकार. एका शब्दात दोन्ही कसं मावतं, तेच शिकायला यायलेय."

मग सर म्हणाले, "जागा पक्की समजा. पण घरचे पाठवतील ना?"

अंजलीनं बापाकडं बघितलं. तो खाली बघत राहिला. शेवटी त्यानं मोबाईलजवळ तोंड नेलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "हाव!"

आणि गोठ्याकडं निघून गेला.