उंच पाठीचं पाऊल

नाही ताई, ती जोडी परत खोक्यात भरू नका, राहू द्या तशीच — आणि तू गं, उभी नको राहूस, बस इथं, पाय माझ्या गुडघ्यावर ठेव. असा. मोजा काढतो हं. कुठे दुखतं? — आईकडे काय बघतेस, आईला काय माहीत, पाय तुझा आहे ना? इथं? आणि इथं दाबलं की? … हं. बघा ताई, घोट्याच्या पुढे, पाऊल जिथून वर चढतं तिथं ही लाल रेघ दिसतेय ना, आडवी? नाडी घट्ट बसते ती जागा. शेवटचे घातले कधी होते स्केट? काल संध्याकाळी? म्हणजे पोर रात्रभर झोपली, शाळेत जाऊन आली, आता दुपारचे चार वाजलेत आणि रेघ आहे तिथंच. आणि बर्फावर असताना बोटं? झोपतात? मुंग्या येतात? — बघा, मान हलवतेय. तुम्हाला नव्हतं माहीत? नसणारच. मुलं सांगत नाहीत हो. त्यांना वाटतं सगळ्यांचंच असं होतं.

मोठा नंबर घेऊन बघितला असेल तुम्ही. बघितलात ना? सगळे तेच करतात. मोठा नंबर घेतला की पुढे बोटांना जागा होते, मागे टाच नाचायला लागते, आणि वरचा दाब आहे तेवढाच — छप्पर डोक्याला लागतंय म्हणून अंगण वाढवल्यासारखं झालं ते. हिच्या पायाची लांबी ठीक आहे, रुंदी ठीक आहे, पण पाठ उंच आहे. लोक तळव्याची कमान बघतात, वरून कोणी बघत नाही. हा बघा, कसा डोंगरासारखा चढलाय. सुंदर पाऊल आहे, दोष काही नाही त्यात. बूट उथळ आहे, एवढंच. थांबा, दाखवतो — स्केट घाल बाळा, टाच मागे आपट, अजून एकदा, शाबास — आता ही जीभ पुढे ओढली, आणि ही साधी पेन्सिल. नाडीच्या भोकांच्या दोन रांगा आहेत ना, त्यांच्यावर आडवी ठेवायची, वरून तिसऱ्या भोकापाशी. दोन्ही कडांवर टेकली पाहिजे आणि खाली पायाला लागता कामा नये. आता कशावर टेकलीय? पायावर. कडांना शिवतसुद्धा नाही, सीसॉसारखी झुलतेय. संपलं. यापुढे विचारायचं काही राहत नाही.

कोच म्हणतात घट्टच हवेत? बरोबर म्हणतात ते, स्केट घट्टच हवेत, पण घट्ट म्हणजे टाचेला घट्ट. हात हातात धरणं वेगळं आणि मनगट पिरगाळणं वेगळं. — गरम करून? हो, आहे ना भट्टी माझ्याकडे, ती काय कोपऱ्यात. पण भट्टीत बूट रुंदीला सैलावतो, खोलीला नाही. भोकं सोडून नाडी ओवता येते, ते नुसतं इकडेतिकडे फिरायला चालेल. मॅचला नाही. हिला खोल बूट लागेल, तो मागवावा लागतो, तीन आठवडे. — शनिवारी? कुठल्या शनिवारी, या? … नाही. नाही जमणार ताई. कोच काहीही म्हणू देत. आणि दुसऱ्या दुकानात मिळतील हेही मला माहीत आहे, तिथला माणूस हसतहसत देईल, ‘नवीन आहेत, वापरून सैल होतील’ म्हणेल. मीही म्हणायचो.

काय म्हणालात? तुम्ही बांधता? रोज तुम्ही स्वतः बांधता हिच्या नाड्या? … आणि शनिवारी जरा सैल बांधाल.

बाळा, असं कर, हे दुसरे घाल पायात — नाही, हेही तुझे नाहीत, पण हे जरा खोल आहेत, फरक कळेल — आणि त्या रबराच्या चटईवर खिडकीपर्यंत जा, परत ये, अशा दहा फेऱ्या मार. पळायचं नाही. मोजत जा हं, मी विचारणार आहे.

बसा ना ताई. बसा हो, उभ्या का? त्या बाकावर हातमोजे आहेत ते सरकवा तिकडे. मी तुम्हाला नाही म्हणतोय त्याचं कारण तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर तुम्ही इथून उठून सरळ दुसरीकडे जाल. मला एक पुतणी आहे. ठकी म्हणतो आम्ही तिला, खरं नाव तिलाही कोणी हाक मारल्याशिवाय आठवत नसेल. आता सत्तावीस वर्षांची आहे. तेव्हा अकराची होती, आणि असाच पाय — याच्याहून जरा जास्तच. आणि खेळायची कशी, तर अंगात वारं भरल्यासारखी. मुलांच्या टीममध्ये एकटी मुलगी, आणि मुलं तिला घाबरायची. दादाला — माझ्या मोठ्या भावाला — हॉकीतलं ओ की ठो कळायचं नाही, पण कठड्याला चिकटून उभा राहायचा आणि ती बर्फावर आली की अर्ध्या गावाला सांगायचा, ‘ती आमची.’ नाड्या वहिनी बांधायची. बाकावर पोरगी, खाली गुडघ्यावर वहिनी, दातात एक टोक धरून. रोज.

त्या वर्षी सबंध टीमला नवे स्केट घालायचं काम माझ्याकडे होतं. अठरा पोरं. मी कोचला छाती ठोकून सांगितलं होतं, स्पर्धेच्या आधी अठराच्या अठरा तयार. सतरा झाली. अठरावी आमचीच. तिला मी इथंच बसवलं होतं, तुमची बसली होती ना, त्याच स्टुलावर. पेन्सिल ठेवली. ती पायावर टेकली. म्हणजे — मला दिसलं ना ताई. दिसलं नाही असं मी म्हणू शकलो असतो, नवशिका असतो तर. मी तेव्हा चौदा वर्षं हेच करत होतो. खोल बूट मागवला असता तर दीड महिना लागला असता, स्पर्धा पंधरा दिवसांवर. एक पोर जुन्या स्केटवर खेळली असती, एवढंच झालं असतं. काय बिघडलं असतं? कोचसमोर माझे अठराचे सतरा झाले असते. बास. आणि घरचीच पोर राहिली असं लोक म्हणाले असते. मी पेन्सिल उचलली, कानावर ठेवली आणि म्हटलं, ‘फर्स्टक्लास!’

दोनदा आली हो ती माझ्याकडे. एकटी, शाळेतून येताना. ‘काका, पाय झोपतो.’ मी म्हटलं, नवीन आहेत, सैल होतील. दुसऱ्यांदा आली तेव्हा इथं गिऱ्हाईक होतं, तर दाराशीच उभी राहिली बिचारी, आत येईना. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, ‘काका, मला माझा पाय कळतच नाही, तो आहे की नाही ते.’ मी हसलो. मी म्हटलं, ‘खाली बघायचं, दिसतो का? मग आहे.’

… नाही, पाणी नको. आहे मी ठीक.

तिसऱ्या मॅचला पडली. कोणी धक्का दिला नाही, काही नाही, मोकळ्या बर्फावर वळायला गेली आणि पाय वळलाच नाही, तशीच जाऊन कठड्यावर आदळली. नडगी दोन ठिकाणी मोडली. घोटा — घोट्याचं तर विचारूच नका. हॉस्पिटलात आधी स्केट कापून काढला त्यांनी, आणि मोजा उतरवला तर पावलावर ही अशी खाच, रेघ नाही, खाच, निळी पडलेली. डॉक्टरांनी विचारलं, ‘नाड्या कोणी बांधल्या होत्या?’ सहज विचारलं हो, चिडून वगैरे नाही. वहिनी म्हणाली, ‘मी.’ ते म्हणाले, ‘फार आवळल्या गेल्या असाव्यात. पायाला रक्त पोचत नसणार.’ वहिनीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग दादा माझ्याकडे वळला. कापलेला स्केट पिशवीत घालून मीच उभा होतो ना तिथं. दादा म्हणाला, ‘तू सांग. तुला कळतं यातलं. आवळल्यामुळे होतं असं?’

मी म्हटलं, ‘हो. जरा जास्तच आवळल्या गेल्या.’

एवढंच बोललो. चार-पाच शब्द असतील. खोटंही नव्हतं तसं — आवळल्या होत्याच. उथळ बुटात आवळल्याशिवाय टाच राहत नाही, ती बिचारी तरी काय करणार? वाटलं, आत्ता वेळ जाऊ दे, सगळे भेदरलेत, उद्या सांगू. उद्या ऑपरेशन होतं. परवा म्हटलं पोरीला शुद्ध नीट येऊ दे. मग प्लास्टर निघू दे. असं करत करत — तुम्हाला सांगतो, खरं बोलायला सवड म्हणून कधी मिळत नाही. कापलेला स्केट मी दुकानात आणला आणि त्याच दिवशी कचऱ्यात टाकला. दुसरासुद्धा, चांगला होता तरी.

पाय जुळला. पण एक बोटभर आखूड राहिला, आणि बोटांना अजून जाणीव कमी आहे. लंगडते जराशी. खेळ सुटला, ते तर काय, होणारच होतं. दादा वहिनीला कधी रागावला नाही हं, तसा माणूसच नव्हता तो. नुसतं एवढं केलं — ठकीच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधायला लागला. वहिनी वाकली की म्हणायचा, ‘राहू दे, तू नको.’ हळू म्हणायचा. आणि मी जेवायला बसलेलो असायचो तिथंच, दर रविवारी, माझ्या ताटात वाढायला वहिनीच यायची. चार वर्षांपूर्वी दादा गेला. त्याला माहीत नव्हतं. म्हणजे त्याला जे माहीत होतं ते घेऊन गेला तो.

ठकी? ठकी कोणालाच दोष देत नाही. तेच तर ऐकवत नाही मला. एकदा मी विचारलं तिला, अगदी आडून आडून, की कधी राग येतो का गं. तर म्हणाली, ‘काका, आईनं मुद्दाम थोडंच केलं?’ बघा. माफ करून टाकलं तिनं आईला. जे आईनं केलंच नाही त्याबद्दल. आणि त्या दोन वेळा दुकानाच्या दारात आली होती ते तिला आठवत असेल की नसेल? मी विचारलं नाही. कसं विचारणार?

गेल्या महिन्यात गेलो होतो त्यांच्याकडे. ठकीला मुलगी आहे आता, तीन वर्षांची, चुरुचुरु बोलते. बाहेर जायचं म्हणून बूट घेऊन आली आणि आजीच्या मांडीवर ठेवले — ‘बांध.’ वहिनीनं हात असे मागे घेतले, भाजल्यासारखे. आणि हसत म्हणाली, ‘मला नको सांगूस बाई, मी फार आवळते. आईकडे जा.’ हसत म्हणाली हो! सवय झालेली. सोळा वर्षांत तिची ओळखच झाली ती — ही आवळते. ठकी स्वयंपाकघरातून आली, खाली बसली, बूट बांधले, मला म्हणाली, काका, चहा ठेवू का. मी म्हटलं, ठेव. चहा प्यायलो आणि आलो.

पुढच्या महिन्यात वहिनीला सत्तरावं लागेल. तब्येत — बरी नाही तितकीशी.

काय? … नाही, ते मला माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नाही. सोपं आहे म्हणता? सोपं तर आहेच. फोन उचलायचा आणि सांगायचं. पण काय सांगायचं — की वहिनी, तुझे हात चांगले होते? आणि मग ती काय करणार त्या हातांचं, सत्तराव्या वर्षी? आणि ठकी? तिनं आईला माफ केलंय, मला करेल का? — बघा, हे बोललो ना, हेच खरं. वहिनीची काळजी-बिळजी काही नाही. मला रविवारचं ताट जाईल याची भीती वाटते. दुसरं काही नाही.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं मला माहीत नाही. मला नुसतं सांगायचं होतं की शनिवारी नको.

आलीस? किती झाल्या? बारा? दहा सांगितल्या होत्या ना गं. आणि पाय? … आहे ना जागेवर? कळतोय? बोटं हलवून दाखव. छान. काढ ते, सावकाश, ओढू नकोस. ताई, माप मी लिहून घेतलंय, दोन्ही पायांची पाठ, टाच, सगळं. तीन आठवड्यांनी या. कोचना माझं नाव सांगा, त्यांनी मला येऊन शिव्या दिल्या तरी चालेल. आणि शनिवारी हिला मॅचला न्या हवं तर, पण बाकावर बसवा, साध्या बुटात. रडेल. रडू दे.

आता निघा तुम्ही. नाही, खोकी राहू देत, मी आवरतो. मला एक फोन — करायचाय. करेन की नाही मला ठाऊक नाही, पण तुम्ही समोर असलात तर नक्कीच करणार नाही, तुमच्याशीच बोलत बसेन. तिचा दुसरा हातमोजा खाली पडलाय बघा. हां. दार ओढून घ्या. जोरात ओढा, अडकतं ते. — जा ना ताई. कृपा करा, जा.