बेचाळिसावं पातं

या सभेचे अध्यक्ष, आमचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावरच्या सन्माननीय कॅप्टनबाई. आज निवृत्त होत असलेले विमान अपघात तपास अधिकारी, अर्थात आपले भिंगवाले साहेब. त्यांना घरी सांभाळून घेणाऱ्या वहिनी. आणि हँगरमधल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी मेकॅनिक असले तरी दोन शब्दांत माझं भागत नाही, हवं तर आमच्या यजमानांना विचारा.

सात वर्षांपूर्वी कॅप्टनबाईंच्या विमानाचं उजवं इंजिन आकाशात बंद पडलं. आत एकशे अडतीस माणसं. बाईंनी एका इंजिनावर विमान उतरवलं, कुणाला साधं खरचटलंही नाही. बाई, तुमचे आभार मानायचा मला सात वर्षं धीर झाला नाही. कारण ते इंजिन आधी मी तपासलं होतं.

नवीन मंडळींसाठी सांगते. तेव्हा इंजिनात नळीचा कॅमेरा घालून, हँडलने पात्यांचं चाक हळूहळू फिरवत, एकेक पातं पडद्यावर बघत मोजायचो. पाती बासष्ट. मी बासष्ट मोजली, बासष्ट फोटो काढले, सही ठोकली. आणि इंजिन बंद पडलं ते तडा गेलेलं एक पातं तुटून. मग ते मला दिसलं कसं नाही?

भिंगवाले साहेबांनी चौकशीला बोलावलं तेव्हा मी राजीनामा खिशात घालूनच गेले. त्यांनी दोन फोटो पुढे ठेवले, पहिल्या पात्याचा आणि बासष्टाव्याचा, आणि भिंग माझ्या हातात दिलं. दोन्हींवर तोच डाग, त्याच जागी. म्हणजे पहिलंच पातं मी दोनदा मोजलं होतं.

"मग एक राहिलं," साहेब म्हणाले. "मध्ये थांबला होतात का?"

"एक्केचाळीसनंतर. ताईचा फोन आला. उचलेपर्यंत ती काही सोडत नाही हो."

"तेव्हा हात कुठे होता?"

हात हँडलवरच होता. बोलण्याच्या नादात चाक एका पात्याने सरकलं, आणि बेचाळिसावं पातं न बघताच पुढे गेलं. तेच तुटलं. मी तिथंच रडले.

अहवालात साहेबांनी माझी चूक लिहिली, एक अक्षरही सौम्य केलं नाही. पण पुढे हेही लिहिलं, की तपासणारी एकटी होती, फोन खिशात होता, आणि काम मध्येच थांबलं तर कुठून सुरू करायचं याचा नियमच नव्हता. तेव्हापासून आपण दोघं दोघं बसतो, फोन बाहेर ठेवतो, आणि व्यत्यय आला की पुन्हा पहिल्या पात्यापासून. मी सहा महिने घरी बसले, परत शिकले. आज हा नियम मीच शिकवते.

हे बघा, अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली, 'आवरा'. साहेब, मध्येच थांबवलंत, आता नियमाप्रमाणे 'या सभेचे अध्यक्ष'पासून पुन्हा सुरू करू का?

बरं, आवरते. भिंगवाले साहेब, तुम्ही माझी चूक मला माझ्याच डोळ्यांनी बघू दिलीत, म्हणून मी आज याच हँगरमध्ये ताठ मानेनं उभी आहे. तुमचे उपकार मी विसरणार नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही राहून गेलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. इंजिनात राहिलं, तर मात्र करू नका.