दहा नमो मारिया

एदुविहेस : पाणी खळखळायला लागलं. टाकू का ब्रोकोली?

रेफुहियो : मीठ घातलंस?

एदुविहेस : मूठभर.

रेफुहियो : मग टाक. उद्या उपासाचा शुक्रवार. चर्चच्या सकाळच्या मिस्साला माणसं बाहेर पडायच्या आत विकायची भजी तयार हवीत.

एदुविहेस : घड्याळ कुठंय तुझं?

रेफुहियो : घड्याळ कशाला, कोमाद्रे? भाजीच्या कारखान्यात आपण मोजायचो तसंच. दहा नमो मारिया, प्रार्थना संपली की भाजी काढायची. तू म्हण, माझे हात अंड्यात आहेत.

(एदुविहेस एकेक शब्द सावकाश, चघळल्यासारखा म्हणते. थोड्या वेळानं रेफुहियोचा अंडी फेटणारा हात थांबतो.)

रेफुहियो : किती झाल्या?

एदुविहेस : सात.

रेफुहियो : सातच? काढ ती. पिवळी पडली बघ.

एदुविहेस : तीन राहिल्यात अजून.

रेफुहियो : काढ म्हणते ना. बर्फाच्या पाण्यात टाक. आता दाबून बघ.

एदुविहेस : झालाय थोडा लगदा. असू दे गं, अंड्याच्या आत कोण बघतंय?

रेफुहियो : नमो मारिया तू नेहमी अशीच सावकाश म्हणतेस?

एदुविहेस : देवाच्या आईशी बोलायचं, त्यात घाई कसली? तुझ्यासारखी बस चुकल्यागत नाही म्हणत मी.

रेफुहियो : खरंय. आई म्हणायची, या पोरीची जपमाळ म्हणजे तव्यावरच्या लाह्या. फ्लॉवर टाक. या खेपेला मी मोजते.

एदुविहेस : बरं, टाकला... झालं पण? श्वास तरी घे बाई.

रेफुहियो : दहा झाल्या. काढ, गार कर, आणि एक तुरा चावून बघ.

एदुविहेस : कच्चा आहे. करकरतोय दाताखाली.

रेफुहियो : माझा कच्चाच राहतो.

एदुविहेस : मग परत टाकते की. एवढं काय त्यात?

रेफुहियो : कारखान्यात त्या दिवशी उकळणीची वेळ सांगणारी घंटा बंद पडली होती. भाजीचा एक गाडा तू मोजायचीस, एक मी. त्यातला एक लगदा निघाला आणि नोकरी माझी गेली.

एदुविहेस : दोन वर्षं झाली त्याला. आता कशाला उकरतेस?

रेफुहियो : इंजिनिअरसाहेब म्हणाले, शेजारी उभं राहणारीनं सांगितलंय, गाडा तुझाच. मी मान खाली घातली. म्हटलं, घरी पोरीला, हासिंताला ताप होता, माझंच ध्यान उडालं असेल. माझ्या शेजारी कोण उभं होतं, कोमाद्रे?

एदुविहेस : रेफुहियो...

रेफुहियो : माझा गाडा कच्चा निघाला असता. लगदा नाही.

एदुविहेस : साहेबांनी विचारलं आणि तोंडातून तुझं नाव गेलं. माझा नवरा अंथरुणाला खिळलेला. तुझ्या हाताला चव आहे. वाटलं, तू काहीही रांधून विकशील. मला काय येतं?

रेफुहियो : दर रविवारी अंडी आणून देतेस.

एदुविहेस : माझ्या कोंबड्यांची. तुला म्हणूनच पाळल्या.

रेफुहियो : आणि मी पोरीला सांगते, धर्ममाता असावी तर अशी. बाप्तिस्म्याला तिला तुझ्या हातात दिली, त्या दिवसापासून तू माझी कोमाद्रे झालीस, सख्ख्या बहिणीला मागं ठेवलं मी.

एदुविहेस : उद्याच जाऊन सांगते साहेबांना. सगळं खरं सांगते.

रेफुहियो : ते साहेब केव्हाच बदलून गेले.

एदुविहेस : शिव्या दे. लाटणं फेकून मार. असं हळू नको बोलूस.

रेफुहियो : दोन वर्षं रात्री झोपताना मी देवाकडे माफी मागते. त्या गाड्याची.

एदुविहेस : मी काय करू आता? सांग, ते करते.

रेफुहियो : बर्फ वितळतोय. फ्लॉवर निथळत ठेव.

एदुविहेस : आणि ब्रोकोली?

रेफुहियो : ती तुझी आहे. जाताना घेऊन जा, एदुविहेसबाई.