जावयाच्या गाडीला लागलेला शिंगाचा रंग

बैल डावीकडून आला की उजवीकडून, हे मला आता नक्की सांगता येणार नाही. गाडी मात्र जावयाची होती आणि नवीकोरी होती. पोळ्याच्या दिवशी चोपड्याजवळ मी मिरवणुकीत अडकलो आणि दाराला काहीतरी घासलं. उतरून पाहतो तर पांढऱ्या दारावर लालभडक पट्टा! सणाच्या दिवशी बैलाला जखमी केलं, या विचारानं मी बैलाच्या अंगावर जखम शोधू लागलो.

बैलवाला ओरडला, "आबा, रगत नही शे ते, शिंगना रंग शे! मना बैलना रंग गया, त्यानं काय?"

रंग ओलाच होता. मऊ फडक्यावर खोबरेल घेऊन, जोर न लावता, मी तो पुसून काढला. रंगाखाली लांब, सरळ ओरखडा! शिंगानं इतकी सरळ रेघ कशी ओढली, ही शंका आली, पण माझ्या शंकांवर माझाच विश्वास नसतो.

जळगावात मेहरूणला मुलीच्या घरी पोहोचलो, तर ती घाईघाईनं म्हणाली, "बाबा, यांना बैलच सांगा हं."

मी जावयाला तसंच सांगितलं आणि माफीही मागितली.

परवा, इतक्या वर्षांनी, तिला विचारलंच. ओरखडा आदल्या दिवशीचा होता, तिनं गाडी फाटकाला घासली तेव्हाचा.