सुरेखाच्या हातचं क्रिस्टल

मेघा : कडुबाकाका, काल नापास केलेला तोच बोर्ड परत लावा.

कडुबा : लावला. आरं तिच्या! पास? म्या सोता लाल खूण मारली व्हती याला.

मेघा : सगळेच पास होतायत. ही तपासणीची मशीन, ऑसिलोस्कोप, बनवणाऱ्या कंपनीनं नवं फर्मवेअर पाठवलंय, मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर; ते मी टाकलं. सोबत लिहिलंय, मशीनचं आतलं घड्याळच चुकत होतं. बोर्डावरचं ठोके देणारं क्रिस्टल बरोबर चालायचं, अन् ही दाखवायची की ते पळतंय.

कडुबा : कवापासून?

मेघा : दिवाळीत सॉफ्टवेअर बदललं ना, तेव्हापासून.

कडुबा : म्हंजी सुरेखाचे बोर्ड...

मेघा : चांगले होते, काका.

कडुबा : लई रडली गं ती माझ्यापुढं. म्हणली, सोल्डर करताना म्या क्रिस्टल जास्त तापवत नाय, एकदा दुसऱ्या मशिनीवर बघा. अन् म्या शहाणा काय म्हणलो? मशीन खोटं बोलत नाय, हात बोलतो! मग काढली तिला. रिपोर्टवर सही माझी. थांब, साहेबाकडं जातो.

मेघा : मी सकाळीच जाऊन आले. आप्पासाहेब म्हणाले, बाहेर कळलं तर गिऱ्हाईक सगळे जुने रिपोर्ट मागेल. विषय संपवा. अन् म्हणाले, कडुबाला सांग, सही त्याचीच आहे, रिटायरमेंटला चार महिने राहिलेत.

कडुबा : फोन तरी लाव तिला. माझ्याच्यानं लावणं व्हईना.

(मेघा कडुबाच्या फोनवरून लावते, स्पीकरवर ठेवते.)

सुरेखा : कोण, काका? बोला की. वेरूळला हाय मी, आईसंगं मंदिरापुढं बेलफुलं विकते.

कडुबा : सुरेखा, तुझा हात चुकला नव्हता, बाई. मशीन चुकत व्हती.

सुरेखा : ...खरं? मग तेवढं लिहून द्या ना काका. वाळूजला दोन कंपन्यांत जाऊन आले. आधीच्यांनी कशापायी काढलं म्हणून विचारतेत. अन् आता सोल्डरिंगची कांडी हातात धरली की मलाच वाटतं, जास्त तापलं.

कडुबा : साहेब देईना गं. म्या माझ्या हातानं लिहितो, पण शिक्का मिळायचा नाय.

सुरेखा : बिनशिक्क्याचा कागद कोण बघतंय, काका.

कडुबा : माफ कर म्हणायलाबी तोंड नाय मला.

सुरेखा : अन् मशीन? तिला काढली का?

मेघा : नाही गं. दुरुस्त झाली. टेबलावरच आहे.

सुरेखा : बरं झालं. खंडेनवमीला तिला हळदकुंकू मीच लावायचे. औंदा कुणाला तरी सांगून ठेवा.